उपनगर कीं शयनागार ?

वाढत्या उपनगरांत दुकानांची आणि कचेऱ्यांची संख्या वाढूं लागली कीं तेथील सुशिक्षित रहिवाशांकडून एक ठराविक तक्रार ऐकूं येते. आमची वस्ती शांत होती, व्यापार आला आणि रस्ते तुंबले. तेव्हां व्यापारास आळा घाला, असें तिचें स्वरूप असतें. महापालिकेचें उत्तरहि तितकेंच ठराविक असतें : रस्ते रुंद करूं, उड्डाणपूल बांधूं. या दोहोंच्या मधून बिल्डर आपली वाट बिनबोभाट काढतो आणि हमरस्त्याच्या कडेला दुकानांचें आणखी एक संकुल उभें करून मोकळा होतो. हें भांडण वर्षानुवर्षें चाललेलें असल्यामुळें त्यांत कांहीं मूलभूत मतभेद असावा असा पाहणाराचा समज होतो. वस्तुतः तिन्ही पक्ष एकाच गृहीतावर उभे आहेत. उपनगर ही निजावयाची जागा, पोट भरावयाची जागा दुसरीकडे, हें तें गृहीत होय. आमच्या मतें हें गृहीतच खोटें आहे. आणि उपनगरांत वाहतुकीचा जो बोजवारा उडाला आहे त्याचें मूळ व्यापार वाढण्यांत नसून, तो भलत्या ठिकाणीं व अर्धवट वाढण्यांत आहे.

विवेचन मोघम राहूं नये म्हणून आम्ही डोंबिवलीचें उदाहरण घेतों. मराठी मध्यम वर्गाचें म्हणून जें उपनगर ओळखलें जातें, जेथें पु. भा. भावे राहिले, जेथें २०१७ च्या फेब्रुवारींत नव्वदावें साहित्य-संमेलन भरलें, आणि जेथील फडके रस्त्यावर दिवाळीच्या पहांटेस जमणारी तरुणांची गर्दी हा वर्तमानपत्रांचा वार्षिक विषय होऊन बसला आहे, तें हें गांव. (एरवीं त्याच रस्त्यावर जमणाऱ्या गर्दीस मात्र कोणी संस्कृति म्हणत नाहीं !) डोंबिवलीविषयीं जें येथें म्हटलें आहे तें थोड्याफार फरकानें बदलापुरास, विरारास किंवा पुण्याच्या भोंवतालच्या नव्या वस्त्यांसहि लागू पडेल.

उपनगर म्हणजे निजण्याचें गांव, ही कल्पना आमच्याकडे आगगाडीबरोबर आली. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी धांवली आणि पुढल्याच वर्षीं लोहमार्ग कल्याणपर्यंत पोंचला. घर आणि काम यांमध्यें कोसांचें अंतर ठेवूनहि संसार चालवितां येतो, ही गोष्ट प्रथम त्या मार्गानें शक्य केली. पुढें १८९६ च्या प्लेगनें मुंबईच्या दाट वस्तीचें भयानक स्वरूप उघडें पाडलें. १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, आणि दादर-माटुंग्याकडे आखीव रस्त्यांच्या व हवेशीर घरांच्या वसाहती उठल्या. १९१५ सालीं मुंबई इलाख्यानें नगररचनेचा कायदा केला. हें सर्व कार्य स्तुत्यच होतें. पण त्याच काळांत, म्हणजे १८९८ सालीं, इंग्लंडांत एबनेझर हॉवर्ड यानें उद्यान-नगराची जी योजना मांडली तिचें पुढें सर्वत्र जें विडंबन झालें, तें आमच्याकडेहि झालें. हॉवर्डच्या नगरांत घरांबरोबर कारखाने होते, बाजार होता, भोंवतीं शेती होती. १९०३ सालीं लेचवर्थ येथें तसें नगर वसवावयास आरंभ झाला, तेव्हां काम आणि घर एकाच वेशीच्या आंत राहावें हाच त्या योजनेचा प्राण होता. लोकांनीं बाग उचलली, घर उचललें, आणि काम मात्र लंडनांतच राहूं दिलें. उद्यान-नगराचें उद्यान-उपनगर झालें. आमच्या उपनगरांना तर बागहि लाभली नाहीं.

२०११ च्या जनगणनेंत कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दींतील लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली. त्याच सुमारास युरोपांतील प्राग या राजधानीची लोकवस्तीहि साधारण तेवढीच होती. फरक एवढाच कीं प्रागचे नागरिक रोज सकाळीं उठून दुसऱ्या राजधानीच्या गाडीला लोंबकळत नाहींत. डोंबिवलीपासून छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस सुमारें ४८ किलोमीटर. जलद गाडीनें जावयास तास-सव्वा तास, तेवढाच यावयास, आणि दोन्ही टोंकांस घरापासून स्टेशनापर्यंत व स्टेशनापासून कचेरीपर्यंत रिक्षाची रांग. दिवसाचे तीन-चार तास असे खर्ची घालणारा मनुष्य आपल्या गांवाचा नागरिक कितपत राहतो ? त्याला वॉर्डांतील सभेस जावयास वेळ नाहीं, ग्रंथालय उघडें असतें तेव्हां तो गांवांत नसतो, आणि मुलांच्या शाळेंत काय चाललें आहे हें तो रविवारीं विचारतो.

हा झाला वेळेचा हिशेब. ९ जून २०२५ रोजीं सकाळीं मुंब्र्याजवळच्या वळणावर परस्परविरुद्ध दिशांनीं जाणाऱ्या दोन लोकलगाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी एकमेकांस घांसून खालीं पडले, आणि त्यांपैकीं चौघे त्याच दिवशीं मरण पावले. त्यानंतर बंद दारांच्या गाड्यांची चर्चा झाली, वळणाची झाली, गाड्यांमधील अंतराची झाली. ती व्हावयास हवीच होती. परंतु इतकीं माणसें त्याच घटकेस, त्याच दिशेनें, त्याच गाडींत कां होतीं, हा प्रश्न फारच थोड्यांना सुचला. रेल्वेनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. पारसिकचा बोगदा १९१६ सालचा आहे. ठाणें-दिवा या टप्प्यावरील पांचवा व सहावा मार्ग २०२२ च्या फेब्रुवारींत सुरू झाला. २०२३ सालीं मध्य रेल्वेनें कचेऱ्यांस कामाच्या वेळा मागेंपुढें करण्याची विनंतिहि केली. पण कामाची जागा एका टोंकास आणि निजण्याची दुसऱ्या टोंकास ठेवून मधल्या रुळांची संख्या वाढवीत राहणें हें गळक्या घागरीखालीं मोठें भांडें ठेवण्यासारखें आहे. रूळ सहा झाले, आठ झाले, तरी सकाळीं सगळे एकाच बाजूला भरणार आणि दुसऱ्या बाजूला त्याच गाड्या मोकळ्या धांवणार.

आतां शांत वस्तीचा आग्रह धरणाऱ्या सद्‌गृहस्थांकडे वळूं. त्यांच्या मागणींत स्वार्थ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आयुष्यभराच्या कमाईचें घर घ्यावें आणि खिडकीखालीं रात्रीं अकरापर्यंत खाद्यपदार्थांच्या गाड्या व हॉर्न यांचा गोंगाट ऐकावा, हें कोणासहि असह्य व्हावें. परंतु ज्या गृहस्थांच्या घरीं अजून सदाशिव पेठेच्या किंवा गिरगांवच्या आठवणी निघतात, त्यांनीं जरा आठवून पाहावें. किराण्याचें दुकान वाड्याच्या दारांत, वैद्य पलीकडच्या आळींत, छापखाना बोळांत, शाळा दोन चौकांवर. आणि या सर्वांत मनुष्य पायीं हिंडत असे. त्या वस्तींत व्यापार आजच्या कोणत्याहि उपनगराहून अधिक होता. वाहतूक म्हणून जिला आपण भितों ती मात्र नव्हती, कारण वस्तु जवळ असली कीं तिच्याकडे जावयास गाडी लागत नाहीं. व्यापार आणि गाड्या ही जोडी निसर्गानें बांधलेली नाहीं. ती आखणीनें बांधली आहे.

शिवाय या गृहस्थांच्या आचरणांत एक मौजेची विसंगति आहे. आमच्या रस्त्यावर दुकान नको, अशा अर्जावर ते सही करतात, आणि घरीं येऊन औषधाची किंवा भाजीची मागणी फोनवर अशा रीतीनें नोंदवितात कीं ती दहा मिनिटांत दारीं यावी. त्या दहा मिनिटांसाठीं जो तरुण स्कूटरवर उलट दिशेनें शिरतो, त्याच्याविषयीं दुसऱ्या दिवशीं पुन्हां तक्रार ! दुकान चालतां येण्याजोग्या अंतरावर नको असेल, तर तें चाकांवर बसून येणार. शाळेच्या बाबतींतहि तेंच. घराजवळची शाळा सोडून चार-पांच किलोमीटर दूरच्या नामांकित शाळेंत मूल घालावयाचें, त्यास मोटारीनें पोंचवावयाचें, आणि शाळेसमोरच्या कोंडीबद्दल पोलिसांस दोष द्यावयाचा, हा क्रम अनेक घरांत चालतो.

महापालिकेच्या उत्तराचा समाचार घेणें अधिक अगत्याचें आहे, कारण तिच्या हातीं अधिकार आहे आणि पैसा आहे. रस्ता तुंबला कीं तो रुंद करावा, हें ऐकावयास इतकें सरळ वाटतें कीं त्यांतील फसवणूक लक्षांत येत नाहीं. अँथनी डाऊन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९६२ सालींच दाखवून दिलें होतें कीं, मोठ्या शहरांत जलद रस्ता वाढविला तर गर्दीच्या वेळची वाहतूक वाढून तो पुन्हां भरतो. जे पूर्वीं दुसऱ्या वेळीं, दुसऱ्या वाटेनें किंवा गाडीशिवाय जात असत ते त्या नव्या जागेकडे धांव घेतात. पण आमच्याकडे याहून विशेष असें एक चक्र आहे, आणि तें नियमांनींच फिरविलेलें आहे. २०२० च्या डिसेंबरांत राज्य सरकारनें, मुंबई वगळून बहुतेक राज्यास लागू होणारी एकत्रित विकास-नियंत्रण नियमावली काढली. तिच्या तत्त्वाप्रमाणें भूखंडासमोरचा रस्ता जितका रुंद, तितकें त्यावर अधिक चटई-क्षेत्र मिळूं शकतें. व्यापारी वापराच्या परवानगीसहि रस्त्याच्या रुंदीचीच पायरी लावलेली आहे. शिवाय अनुषंगिक म्हणून घरांस साठ टक्क्यांपर्यंत आणि इतर वापरास ऐंशी टक्क्यांपर्यंत वाढीव क्षेत्र अधिमूल्य भरून घेतां येतें. आतां परिणाम पाहा. लांबच्या वाहतुकीसाठीं म्हणून रस्ता रुंद केला. रुंद झाला म्हणून त्याच्या कडेस दुकानें, दवाखाने, मंगल कार्यालयें आणि शिकवणीचे वर्ग यांना परवानगी मिळाली व मजले चढले. त्यांचीं गिऱ्हाइकें गाड्या घेऊन आलीं आणि दारासमोर लावून आंत गेलीं. रस्ता पुन्हां अरुंद झाला. तेव्हां तो आणखी रुंद करावा असा ठराव आला, आणि ठरावाबरोबर आणखी चटई-क्षेत्र. हमरस्त्याचा बाजार झाला आणि बाजाराचा हमरस्ता. दोहोंपैकीं एकहि काम धड होत नाहीं.

ज्यांस हें अतिशयोक्तीचें वाटेल त्यांनीं ठाण्याचा घोडबंदर रस्ता पाहावा. मधोमध मोठा रस्ता, दोन्ही बाजूंस सेवारस्ते, अशी ऐसपैस आखणी तेथें होती. कडेनें मॉल आणि गगनचुंबी इमारती आल्या, आणि अलीकडच्या वर्षांत तो इतका तुंबूं लागला कीं अखेर सेवारस्तेच मुख्य रस्त्यांत मिळवून टाकण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. म्हणजे शेजारच्या दुकानांत जाणारा मनुष्य आणि गुजरातेकडे माल नेणारा ट्रक यांना वेगळें ठेवणारी जी एकुलती एक सोय होती, तीच रुंदीकरणाच्या नांवाखालीं जावयाची !

पुलांची कथा निराळी नाहीं. लोहमार्गानें डोंबिवलीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केलेले आहेत. त्यांना जोडणारा कोपरचा पूल २०१९ सालीं धोकादायक म्हणून बंद झाला आणि २०२१ च्या सप्टेंबरांत पुन्हां उघडला. कल्याणचा जुना पत्रीपूल २०१८ च्या नोव्हेंबरांत पाडला, नवा २०२१ च्या जानेवारींत सुरू झाला. पूल हवेत, यांत शंका नाहीं. पण एका पुलाच्या दुरुस्तीनें अख्खें गांव दोन वर्षें पांगळें होतें, तेव्हां त्या गांवांत एका बाजूस मिळणारी वस्तु दुसऱ्या बाजूस मिळत नाहीं, असा त्याचा अर्थ असतो. पूर्वेस आणि पश्चिमेस दोन्हीकडे पुरता बाजार, दवाखाना व सरकारी कचेरी असती तर त्या पुलावर इतका भार पडला नसता. पुलाच्या खर्चाचा अंदाज होतो. या गोष्टीचा अंदाज मात्र कोणत्याच अंदाजपत्रकांत येत नाहीं.

२००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणांत, रस्त्याची जागा वाहनांस नव्हे तर माणसांस द्यावी, असें तत्त्व केंद्र सरकारनें स्वच्छ शब्दांत मांडलें आहे. त्याचा उपनगरांत मागमूस नाहीं. चाळीस माणसें एका बसगाडींत बसतात. तींच मोटारींतून निघालीं, आणि प्रत्येक मोटारींत सरासरी दीड माणूस धरला, तर सत्तावीस मोटारी लागतात. महापालिकेची बससेवा नांवाला आहे. उपनगराचें खरें ओझें रिक्षावाला वाहतो, आणि शिव्याहि तोच खातो. उभ्या मोटारीस साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते. भाजीच्या हातगाडीस दोन चौरस मीटर पुरतात. मोटार दिवसभर एका कुटुंबाच्या कामीं येते, हातगाडी शेंकडों कुटुंबांच्या. तरी अतिक्रमण म्हणून जी उचलली जाते ती हातगाडी. फेरीवाल्यांसाठीं २०१४ सालीं संसदेनें कायदा केला, त्यांत शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांस सामावून घेण्याची आणि त्यांच्या जागा नेमून देण्याची तरतूद आहे. २०१७ च्या सप्टेंबरांत एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या पुलावर चेंगराचेंगरींत तेवीस माणसें मेल्यानंतर, स्टेशनापासून दीडशें मीटरांत फेरीवाला नसावा असें उच्च न्यायालयानें सांगितलें. दोन्ही गोष्टी एकत्र पाळणें अशक्य नाहीं : दीडशें मीटरांपलीकडे, येण्याजाण्याच्या वाटेवर, ओटे बांधून बाजार द्यावा. पण ओटे बांधावयाचे तर जागा राखावी लागते. पिटाळून लावावयाला नुसती गाडी पुरते. आणि पायीं चालणारासाठीं काय केलें म्हणाल, तर २००८ सालापासून मुंबई प्रदेशांत स्टेशनाबाहेर स्कायवॉक उभारले. जमीन मोटारीची, म्हणून माणसानें आकाशांतून चालावें !

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं मग व्यापार नकोच, हेंच खरें. आम्ही नेमकें उलट म्हणतों. व्यापार हवा, कचेऱ्या हव्यात, किंबहुना आजच्याहून कितीतरी अधिक हव्यात. पण त्या मोटारीच्या रस्त्याच्या कडेस नव्हेत, तर स्टेशनाच्या पायाशीं हव्यात. आणि आधीं वाहन, मग इमारत, हा क्रम हवा. हा क्रम उलटा लावला म्हणजे काय होतें, हें वांद्रे-कुर्ला संकुलानें दाखविलें आहे. १९७७ सालीं त्याचें नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोंपविण्यांत आलें. पुढें बॅंका, रोखे बाजार, हिऱ्यांचा बाजार तेथें गेला. भुयारी मेट्रो तेथें पोंचली ती २०२४ च्या ऑक्टोबरांत. मधल्या काळांत हजारों नोकरदार वांद्रे आणि कुर्ला स्टेशनांबाहेर रिक्षाची वाट पाहत उभे राहिले. नव्या मुंबईची कथा त्याहून उद्बोधक आहे. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं १९६५ सालीं 'मार्ग' या नियतकालिकांतून खाडीपलीकडच्या नगराची कल्पना मांडली, ती मुंबईचें काम तिकडे न्यावें म्हणून. १९७० सालीं सिडको स्थापन झाली. पण लोहमार्ग वाशीस पोंचावयास १९९२ साल उजाडलें, आणि मंत्रालय तर हाललेंच नाहीं. उलट नरीमन पॉइंटच्या भरावावर कचेऱ्यांचे मनोरे चढत राहिले. सरकारनें स्वतः जागा सोडली नाहीं आणि व्यापाऱ्यांनीं मात्र सोडावी, असा तो उपदेश होता.

उलट उदाहरण पाहावयाचें तर जपानांतील. इचिझो कोबायाशी या गृहस्थानें १९१० सालीं ओसाकाहून निघणारी एक लहानशी विजेची रेल्वे सुरू केली. मार्गावर वस्ती नव्हती, म्हणून त्यानें स्टेशनांभोवतीं घरें बांधून हप्त्यांनीं विकलीं. येथवर तोहि आमच्या बिल्डरासारखाच. पण त्याच्या लक्षांत एक गोष्ट आली कीं, या घरांमुळें गाड्या सकाळीं एकाच दिशेनें भरतील आणि उलट दिशेनें रिकाम्या धांवतील. तेव्हां त्यानें मार्गाच्या दुसऱ्या टोंकास, ताकाराझुका येथें, स्नानगृहें आणि करमणुकीचीं स्थळें उभारलीं. तेथील मुलींच्या संगीत-नाट्यमंडळीचा पहिला प्रयोग १९१४ सालीं झाला आणि ती मंडळी आजहि नांदते आहे. ओसाकाच्या टोंकास त्यानें १९२९ सालीं स्टेशनांतच मोठें वस्तुभांडार काढलें. गाडी दोन्ही बाजूंनीं भरली पाहिजे, एवढ्या व्यापारी हिशेबांतून त्यानें जें साधलें, तें आमच्या कित्येक आराखड्यांना साधलें नाहीं. सकाळीं मुंबईहून कल्याणकडे येणाऱ्या गाड्यांतील मोकळीं बांकें हा डोंबिवलीचा केवढा मोठा ठेवा आहे, याची जाणीव किती नगरसेवकांना आहे ?

स्टेशनाच्या डोक्यावर कचेऱ्या बांधणें हें परदेशांतलें स्वप्न आहे असेंहि नाहीं. वाशीच्या आणि बेलापूरच्या स्टेशनांवर तशा इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत काम करणारा मनुष्य पाऊस असो वा ऊन, गाडींतून उतरून थेट कचेरींत जातो. डोंबिवलीस जमीन महाग आहे आणि स्टेशनाभोंवतीं मोकळी जागा नाहीं, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याच परिसरांतील जुन्या इमारती एकामागून एक पाडल्या जाऊन तेथें मनोरे उठत आहेत. त्यांच्या खालच्या मजल्यांवर काय यावें आणि त्यांत मोटारी ठेवावयास किती मजले खर्चावेत, एवढें ठरविणें नियोजनकर्त्यांच्या हातीं आहे. स्टेशनापासून पायीं दहा मिनिटांच्या आंत कचेऱ्यांस चटई-क्षेत्र द्यावें आणि मोटारतळाची सक्ति काढून टाकावी. हमरस्त्यांच्या कडेस मात्र दुकानाचें दार थेट रस्त्यावर उघडूं देऊं नये, तें आंतील गल्लींत उघडावें. पदपथ आणि बसथांबा तयार झाल्याखेरीज व्यापारी इमारतीस वापराचा दाखला देऊं नये. वाढीव क्षेत्राबद्दल जें अधिमूल्य येतें तें त्याच वस्तीच्या बसगाड्यांवर आणि पदपथांवर खर्च व्हावें व त्याचा हिशेब दरसाल प्रसिद्ध व्हावा. बाजारासाठीं आणि वाहनतळासाठीं आराखड्यांत राखलेले भूखंड वेळेवर ताब्यांत घ्यावेत. कारण १९६६ च्या नगररचना कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणें दहा वर्षांत संपादन झालें नाहीं तर मालक नोटीस देऊन आरक्षण रद्द करवून घेऊं शकतो, आणि मग बाजार रस्त्यावर येतो. तो रस्त्यावर आला म्हणून ओरड करणारांनीं त्या नोटिशीच्या वेळीं कोण झोंपलें होतें याची चौकशी करावी.

मुंबईच्या कंपन्या डोंबिवलीस येतील कां, असें हंसून विचारणारे पुष्कळ भेटतात. बॅंकांचीं मुख्यालयें येणार नाहींत, हें आम्हीहि जाणतों. पण हिशेब-तपासनीस, वकील, शिकवणीचे वर्ग, प्रकाशक, दवाखाने, विम्याच्या आणि बॅंकांच्या मागच्या खोलींतलीं कामें, यांना दक्षिण मुंबईचा समुद्र दिसण्याची गरज नाहीं. गेल्या साथीच्या काळांत, २०२० सालीं, हजारों लोकांनीं याच गांवांतल्या स्वयंपाकघरांत बसून कंपन्यांचीं कामें केलीं. बेलापुरास कोंकण भवन नेतां आलें, तर राज्य सरकारास आपल्या आणखी कांहीं कचेऱ्या कल्याण-डोंबिवलीकडे आणतां येतील. दहा हजार नोकऱ्या इकडे आल्या, तर सकाळच्या गाडींतून दहा हजार माणसें कमी होतील असें गणित आम्ही मांडीत नाहीं; तितकें तें सोपें नाहीं. पण तीं गाडींतून दुसऱ्या दिशेनें जाऊं लागतील, आणि कांहीं तर पायींच जातील.

एक अडचण खरोखरीची आहे आणि तिच्याविषयीं रहिवासी, पालिका व बिल्डर हे तिघेहि गप्प बसतात. या गांवाच्या जमिनीस धनी फार. महापालिका एक, औद्योगिक विकास महामंडळ दुसरें, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण तिसरें, रेल्वे चौथी, आणि शीळचा रस्ता रस्ते विकास महामंडळाच्या हातीं. सत्तावीस गांवें महापालिकेंतून २००२ सालीं बाहेर काढलीं आणि २०१५ सालीं पुन्हां आंत घेतलीं. त्याच गांवांपैकीं दहा गांवांत हजाराहून अधिक हेक्टरांचें कल्याण विकास केंद्र आखलें गेलें. केंद्राचा हेतु चांगला होता : काम लोकांच्या जवळ आणावें. पण त्या केंद्राच्या भोंवतीं शीळ रस्त्यानें आधीं घरांचीं प्रचंड संकुलें उठलीं, आणि काम मागाहून येणार या आशेवर लोक तेथें राहावयास गेले. रोज सकाळीं तो रस्ता पाहिला म्हणजे ती आशा कोठें अडकून पडली आहे हें कळतें.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीबद्दल लिहावयाचें राहिलें, आणि तोच सर्वांत निकडीचा भाग आहे. २०१६ च्या मे महिन्यांत आणि पुन्हां २०२४ च्या मे महिन्यांत तेथील रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले, माणसें मेलीं, दूरवरच्या घरांच्या कांचा फुटल्या. घराशेजारीं काम असावें असें जे आम्ही म्हणतों, त्यांच्यावर हे स्फोट आक्षेप म्हणून फेंकले जातील. आक्षेप रास्त आहे, पण तो रसायनांवर आहे, कामावर नाहीं. धोक्याचे कारखाने दूर गेलेच पाहिजेत. ते हलविण्याच्या घोषणा सरकारनें केलेल्याहि आहेत. ते गेले म्हणजे स्टेशनापासून थोड्याच अंतरावर, तयार रस्त्यांची, विजेची आणि पाण्याची सोय असलेली विस्तीर्ण जमीन मोकळी होईल. तशी जमीन या गांवास पुन्हां मिळणार नाहीं. मुंबईच्या गिरण्यांची जमीन मोकळी झाली तेव्हां तिचें काय झालें, हें लोअर परळच्या कोणत्याहि फाटकापाशीं उभें राहून पाहतां येतें. डोंबिवलींत ती जमीन घरांच्या मनोऱ्यांकडे वळविण्याचें दडपण येईल, कारण घर आज विकतां येतें आणि कचेरीला भाडेकरू शोधावा लागतो. ती सर्व जमीन कामासाठींच राखावी, लघुउद्योग, कचेऱ्या, प्रयोगशाळा आणि शिक्षणसंस्था यांखेरीज तिच्यावर एकहि निवासी मजला चढूं नये, आणि तेथून स्टेशनापर्यंत बसगाड्यांची अखंड ये-जा पहिल्या इमारतीच्या आधीं सुरू व्हावी, अशी हरकत व सूचना त्या जमिनीच्या वापरांत बदल करण्याची नोटीस निघेल त्या दिवशीं लेखी नोंदविली गेली पाहिजे. अशा सुनावण्या कामाच्या दिवशीं, कचेरीच्या वेळांत होतात. त्या वेळीं डोंबिवलीचा सुशिक्षित नागरिक घाटकोपरच्या पुढें कोठेंतरी गाडींत उभा असतो, आणि सुनावणीच्या खोलींत बिल्डरांचे वकील तेवढे बसलेले असतात.